मालमोटारीच्या बॅटऱ्या जोडीनेच बदलाव्यात
केळीच्या बऱ्हाणपूर जिल्ह्यात, दापोऱ्यासारख्या गावातून निघणारी मालमोटार पहाटे सुरूच झाली नाही, तर माल खोळंबून पिकू लागतो. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. दाबलेल्या हवेच्या उष्णतेने इंधन पेटते. म्हणून ते फिरविण्यास मोठा विद्युत्प्रवाह लागतो. २४ व्होल्टच्या गाडीत १२ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या असतात. एक निकामी झाली की तेवढीच बदलण्याचा मोह होतो; परंतु उरलेली जुनी बॅटरी नवीचेही आयुष्य घटविते. सबब दोन्ही एकाच बनावटीच्या, समान क्षमतेच्या व ताज्या तारखेच्या घ्याव्यात, असे आम्ही आमच्या वाचकांस सुचवितो. घेताना त्या भाराखाली तपासून घ्याव्यात. जुन्या विक्रेत्यासच परत कराव्यात. त्यांतील शिसे व गंधकाम्ल मुलांस आणि विहिरीच्या पाण्यास घातक असते.