पुण्याची ‘राजी’ आणि माहुलीचे सुळके

2020 चा पावसाळा आठवा. शाळा बंद, अभ्यासाच्या नावाखाली घरातला एकुलता एक मोबाइल पोरांच्या हाती. 30 ऑगस्टला ‘मन की बात’मध्ये पंतप्रधानांनी भारतीय कल्पनांवर आधारलेले कॉम्प्युटर गेम बनवा असं आवाहन केलं, आणि 2 सप्टेंबरला पबजीसह 118 अ‍ॅपवर बंदी आली. आमच्या भातसानगरच्या पोरांनी त्या दिवशी जणू सुतकच पाळलं. गंमत म्हणजे ज्या गेमसाठी आवाहन चाललं होतं, तसा एक गेम बारा दिवस आधीच, 18 ऑगस्टला, प्रसिद्ध झाला होता. तोही पुण्यात बनलेला. त्याचं नाव ‘राजी : अ‍ॅन एन्शंट एपिक’.

आपल्याला तो कळला नाही याचं कारण साधं आहे. तो आधी आला निंटेंडो स्विच या खेळयंत्रावर, आणि ते यंत्र तेव्हा भारतात अधिकृतपणे विकलंच जात नव्हतं. भातसा धरणाचं पाणी पिसे-पांजरापूरमार्गे मुंबईच्या नळांना जातं आणि धरणाच्या शहापूर तालुक्यात उन्हाळ्यात टँकर फिरतात, तसाच हा प्रकार. कॉम्प्युटर, प्लेस्टेशन आणि एक्सबॉक्सवाल्यांना 15 ऑक्टोबरपर्यंत थांबावं लागलं.

गेम बनवणाऱ्या कंपनीचं नाव नॉडिंग हेड्स गेम्स. अविचल सिंग, श्रुती घोष आणि इयन मॉड हे तिचे संस्थापक. अशा गेमला ‘इंडी’ म्हणतात, म्हणजे बड्या कंपनीच्या पदराखाली न जाता छोट्या चमूने स्वतःच्या हिमतीवर उभा केलेला. हिंमत म्हणायला सोपी, पगार दर महिन्याला द्यावे लागतात. 2017 मध्ये त्यांनी किकस्टार्टरवर लोकवर्गणी मागितली. तिथला नियम असा, की ठरवलेला आकडा गाठला नाही तर एक पैसाही हाती येत नाही. आकडा गाठला गेला नाही. पुढे अनरिअल इंजिन हे गेम घडवण्याचं सॉफ्टवेअर बनवणाऱ्या एपिक गेम्सचं अनुदान मिळालं, प्रकाशक मिळाला आणि काम तडीस गेलं. 2020 च्या ‘द गेम अवॉर्ड्स’मध्ये पदार्पणातल्या सर्वोत्तम गेमसाठी ‘राजी’ला नामांकन होतं. बक्षीस ‘फॅस्मोफोबिया’ने नेलं.

आता खेळाकडे येऊ. राजी ही सर्कशीत कसरती करणारी अनाथ मुलगी. असुर हल्ला करून मुलं पळवतात, त्यांत तिचा धाकटा भाऊ गोलूही जातो. दुर्गा तिला त्रिशूळ देते आणि ती भावाला शोधायला निघते. दुर्गा आणि विष्णू वरून सगळं पाहतात, आपसांत बोलतात, आणि त्या संवादातूनच आपल्याला गोष्ट कळत जाते. राजीचं कसरतपटू असणं ही नुसती पार्श्वभूमी नाही, लढाईची सगळी तऱ्हा त्यावर बेतलेली आहे. ती भिंतीवर धावते, खांबाला गिरकी घेते, त्रिशूळ टेकवून उडी मारते आणि उतरता उतरता वार करते. मुरबाडजवळच्या म्हसा यात्रेत डोंबाऱ्याची मुलगी दोरीवर चढलेली ज्यांनी पाहिली आहे, त्यांना ही चपळाई परकी वाटणार नाही. पुढे धनुष्य, ढाल-तलवार मिळतात, शस्त्रांना विजेची वगैरे जोड देता येते. मध्येच लढाई थांबते आणि विस्कटलेल्या मंडलाची वर्तुळं फिरवून चित्र जुळवावं लागतं. मला ही कोडी लढायांपेक्षा जास्त आवडली. तेवढा वेळ अंगठ्याला विश्रांती मिळते हेही खरंच.

देखावा राजस्थानातल्या जुन्या किल्ल्या-महालांचा, रंग पहाडी चित्रशैलीचे. मागची कथा सांगायची वेळ आली, की पडद्यावर सावल्यांच्या बाहुल्या हलू लागतात. इथे मात्र मला थोडी चुटपुट लागली. चामड्याच्या छाया-बाहुल्या आपल्याकडेही आहेत. सिंधुदुर्गात कुडाळजवळच्या पिंगुळीचे ठाकर कलावंत त्या बाहुल्या नाचवतात, चित्रकथीची पानं उलगडत रामायण-महाभारत सांगतात. तिथल्या परशुराम गंगावणे यांना 2021 मध्ये पद्मश्री जाहीर झाली. ठाकर समाज आमच्या शहापूर-मुरबाडच्या पाड्यांवरही आहे, पण इथल्या किती शाळांतल्या मुलांनी पिंगुळीची बाहुली पाहिली असेल? पुण्यातल्या चमूने पहाडी शैली निवडली, तो त्यांचा अधिकार. आपल्या बाहुल्या गेममध्ये आणायच्या तर ते काम कुणीतरी मराठी पोरानेच अंगावर घ्यावं लागेल.

जागेचीही वाण नाही. आसनगाव स्टेशनवरून दिसणारा माहुलीच घ्या. माहुली, भंडारगड, पळसगड अशी तीन गडांची जोडलेली रांग, नवरा-नवरीचे सुळके, पलीकडे वजीर. 1636 मध्ये शहाजीराजांनी निजामशाही वाचवण्यासाठीचा अखेरचा लढा याच गडावरून दिला. गड वेढला गेला आणि निजामशाही संपली. 1665 च्या पुरंदरच्या तहात माहुली मोगलांकडे गेला आणि 1670 मध्ये मोरोपंत पिंगळ्यांनी तो परत घेतला. वर चढायच्या वाटा, वेढा, दगाफटका, कडेकपारी, सगळं आयतं आहे. गेमची रचना करणाऱ्याला याहून जास्त काय लागतं? अनरिअल इंजिन शिकण्यासाठी फुकट डाउनलोड करता येतं, फक्त कॉम्प्युटर दणकट हवा. आमच्याकडे अडचण त्या कॉम्प्युटरची आणि लोडशेडिंगची आहे, कल्पनांची नाही.

‘राजी’त उणिवा आहेत. शेवट अर्ध्यात तोडल्यासारखा वाटतो, आणि कॅमेरा आपल्या हाती नसल्यामुळे काही उड्या अंदाजाने माराव्या लागतात. तरी पाच-सहा तासांत संपणारा, पैसे लावायला न सांगणारा, घरातल्यांसमोर खेळता येणारा असा दुसरा देशी गेम मला तरी चटकन आठवत नाही. 2022 च्या सुधारित आवृत्तीत हिंदी आवाजही आहेत. खेळणार असाल तर तीच आवृत्ती घ्या, हिंदी आवाज लावा, आणि आजीला शेजारी बसवा. कुठल्या देवाची कुठली कथा हे ती गेमपेक्षा नीट सांगेल.