विमानं भरलेली, तरी एअर इंडिया तोट्यात कशी गेली? आणि ते कर्ज शेवटी कुणाच्या डोक्यावर बसलं?

एअर इंडियाचा विषय निघाला की दोन वाक्यं हमखास ऐकू येतात. पहिलं, "सरकारी कंपनी होती, बुडणारच होती." आणि दुसरं, "आता टाटांकडे गेलीय ना, मग येईल फायद्यात."

दोन्ही वाक्यं पटण्यासारखी आहेत. पण आकडे घेऊन बसलं की दोन्ही अर्धवट ठरतात.

२०१८-१९ चंच उदाहरण घ्या. त्या एका वर्षात एअर इंडियाला साडेआठ हजार कोटींच्या आसपास तोटा झाला. पण त्याच वर्षी कंपनीच्या विमानातल्या दर पाच सीटपैकी जवळपास चार सीट भरलेल्या होत्या. म्हणजे गिऱ्हाईक होतं, विमानं उडत होती, तिकिटं विकली जात होती. मग पैसा जात कुठं होता?

हेच जरा नीट समजून घेऊ.

सगळ्यात आधी विमान कंपनीचं साधं गणित

समजा एका विमानात १८० सीट आहेत आणि एका फेरीचा सगळा खर्च ९ लाख रुपये आहे. कर आणि विमानतळाचं शुल्क वजा जाता कंपनीच्या हातात एका तिकिटामागे सरासरी ५ हजार रुपये पडतात. तर १८० च्या १८० सीट भरल्या तेव्हा कुठे खर्च निघतो. १५३ सीट भरल्या, म्हणजे विमान ८५ टक्के भरलं, तर हातात येतात ७ लाख ६५ हजार. आपल्याला विमान खचाखच वाटतं, पण कंपनीचं एका फेरीत सव्वा लाखाहून जास्त नुकसान झालेलं असतं.

हे आकडे समजण्यापुरते घेतलेत, पण धंदा असाच चालतो. विमान किती भरलं याच्याइतकंच, एका सीटमागे किती खर्च झाला आणि किती कमाई झाली हे महत्त्वाचं असतं.

आणि खर्चातला मोठा भाग कंपनीच्या हातात नसतो. भारतात एकूण खर्चाचा साधारण ३० ते ४० टक्के वाटा एकट्या इंधनाचा असतो. त्यावर राज्यांचा व्हॅट वेगळा. महाराष्ट्राने २०२३ च्या बजेटमध्ये मुंबई, पुणे आणि रायगडमध्ये विमानाच्या इंधनावरचा व्हॅट २५ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आणला, तो याच कारणामुळे. विमानाचं भाडं आणि सुटे भाग यांचे पैसे द्यायचे डॉलरमध्ये, आणि देशातल्या तिकिटांचे पैसे येणार रुपयात. रुपया घसरला की काहीही चूक न करता खर्च वाढतो.

सरकारी होती म्हणून बुडाली, हे खरं आहे का?

१५ ऑक्टोबर १९३२ ला जेआरडी टाटांनी कराचीहून टपाल घेऊन छोटं विमान उडवलं आणि अहमदाबादमार्गे ते मुंबईत जुहूला उतरवलं. त्या टाटा एअरलाईन्सची १९४६ मध्ये एअर इंडिया झाली. १९४८ मध्ये मुंबई ते लंडन सेवा सुरू झाली आणि १९५३ मध्ये सरकारने विमान कंपन्यांचं राष्ट्रीयीकरण केलं. परदेशासाठी एअर इंडिया आणि देशांतर्गत प्रवासासाठी इंडियन एअरलाईन्स अशा दोन सरकारी कंपन्या झाल्या.

आता गंमत बघा. कंपनी सरकारी झाली तरी जेआरडी १९७८ पर्यंत एअर इंडियाचे चेअरमन होते. याच काळात, १९६० मध्ये एअर इंडियाने बोइंग ७०७ आणलं आणि १९६२ मध्ये ताफ्यात फक्त जेट विमानं असलेली ती जगातली पहिली कंपनी बनली. पुढे अडचणी आल्या, खाजगी कंपन्यांची स्पर्धा आली, पण २००५-०६ मध्येसुद्धा एअर इंडिया आणि इंडियन एअरलाईन्स या दोन्ही कंपन्यांनी किरकोळ का होईना, नफा दाखवला होता.

म्हणजे नुसतं सरकारी असणं हे कारण पुरत नाही. त्यानंतरच्या दोन-तीन वर्षांत काय झालं ते बघायला लागतं.

१११ विमानांची ऑर्डर

२००४ च्या सुरुवातीला एअर इंडियाच्या बोर्डाने २८ विमानं घ्यायचं ठरवलं होतं. पण वर्ष संपायच्या आत फेरविचार झाला आणि हा आकडा ६८ वर गेला. इंडियन एअरलाईन्सची ४३ विमानं वेगळी. दोन्ही मिळून १११.

नवी विमानं लागणार होती यात वाद नव्हता, जुना ताफा थकलेलाच होता. अडचण होती ती पैशाची. कंपनीचं स्वतःचं भांडवल या खरेदीच्या मानाने अगदीच किरकोळ होतं. त्यामुळे जवळपास सगळी खरेदी कर्जावर झाली. २०११ मध्ये कॅगने आपल्या अहवालात नेमकं यावरच बोट ठेवलं.

आता याच काळातली दुसरी एक कंपनी बघा. इंडिगोने २००५ मध्ये १०० एअरबस विमानांची ऑर्डर दिली, तीही पहिलं विमान उडवायच्या आधी. मग ती का नाही बुडाली? कारण तिने विमान घ्यायचं, ते भाड्याने देणाऱ्या कंपनीला विकायचं आणि भाडं भरून तेच विमान चालवायचं असा मार्ग धरला. शिवाय सुरुवातीची कितीतरी वर्षं सगळी विमानं एकाच जातीची ठेवली. त्यामुळे पायलटचं ट्रेनिंग एक, सुटे भाग एक, मेकॅनिकही तेच. एअर इंडियाकडे मात्र बोइंग आणि एअरबस दोन्हींची वेगवेगळी मॉडेल्स होती आणि प्रत्येकाचा संसार वेगळा.

मग आलं २००७ चं विलीनीकरण

२००७ मध्ये एअर इंडिया आणि इंडियन एअरलाईन्स एकत्र केल्या गेल्या. कागदावर कल्पना चांगली होती. पण दोन्हीकडचे पगार वेगळे, बढतीचे नियम वेगळे, युनियन वेगळ्या. हा तिढा सोडवायला न्यायमूर्ती धर्माधिकारी समिती नेमावी लागली, आणि तीही विलीनीकरणानंतर चार वर्षांनी. २०१२ मध्ये तर पायलटांचा संप ५८ दिवस चालला.

याच काळात दोन गोष्टी बाहेरून आदळल्या. २००८ मध्ये कच्च्या तेलाचा भाव बॅरलमागे १४० डॉलरच्या वर गेला आणि पाठोपाठ जागतिक मंदी आली. दुसरीकडे आखाती देशांच्या विमान कंपन्यांना भारतातून जास्त सीट उडवायची परवानगी मिळत गेली. एकट्या दुबईसाठी हा कोटा आठवड्याला ५० हजार सीटच्या वर गेला. आपला प्रवासी दुबईत विमान बदलून लंडन-न्यूयॉर्कला जायला लागला आणि एअर इंडियाचं हक्काचं गिऱ्हाईक तिकडे वळलं.

निकाल ताळेबंदात दिसतो. २००६-०७ मध्ये दोन्ही कंपन्यांचा मिळून तोटा होता ७७० कोटींच्या आसपास. २००७-०८ मध्ये तो २,२२६ कोटी झाला. त्याच्या पुढच्या वर्षी साडेपाच हजार कोटी. आणि २०११-१२ मध्ये साडेसात हजार कोटी.

कर्ज फेडायला कर्ज

इथून पुढे खरा सापळा सुरू झाला. तोटा भरून काढायला कर्ज घ्यायचं. त्या कर्जाचं व्याज द्यायचं म्हणजे पुन्हा तोटा. मग तो भरायला आणखी कर्ज. शेवटच्या काही वर्षांत नुसतं व्याजच वर्षाला चार हजार कोटींच्या वर जात होतं. पैशाअभावी सुटे भाग आले नाहीत की विमानं जमिनीवर उभी राहायची. आणि उभं विमान एक रुपया कमावत नाही, हप्ता मात्र मागतं.

त्यात सरकार स्वतःच मोठं उधारीचं गिऱ्हाईक होतं. व्हीव्हीआयपी विमानांपोटी सरकारी खात्यांकडे थकलेली रक्कम नोव्हेंबर २०१९ मध्ये ८२२ कोटी रुपये होती, हे माहिती अधिकारात समोर आलं.

"कर्मचारी जास्त होते" हेही कारण सांगितलं जातं. एके काळी ते खरंच होतं. पण नंतर ग्राउंड हँडलिंग आणि इंजिनिअरिंगच्या वेगळ्या कंपन्या झाल्या. २०२१ मध्ये विक्रीच्या वेळी एअर इंडियात १२,०८५ कर्मचारी होते आणि एअर इंडिया एक्सप्रेस धरून १४१ विमानं. तोट्याचा सगळा भार या माणसांवर टाकता येत नाही.

विक्री झाली, पण कर्ज कुठं गेलं?

२०१८ मध्ये सरकारने ७६ टक्के हिस्सा विकायला काढला, सोबत सुमारे ३३ हजार कोटींचं कर्ज आणि देणी. एकही बोली आली नाही. मग अट बदलली. १०० टक्के हिस्सा द्यायचा आणि किती कर्ज घेणार ते बोली लावणाऱ्यानेच सांगायचं.

८ ऑक्टोबर २०२१ ला टाटांची १८ हजार कोटींची बोली जिंकली. पण यात एक मेख आहे. या १८ हजार कोटींपैकी १५,३०० कोटी म्हणजे टाटांनी आपल्या अंगावर घेतलेलं कर्ज. सरकारच्या हातात रोख आले ते २,७०० कोटी.

ऑगस्ट २०२१ अखेर एकूण कर्ज होतं ६१,५६२ कोटी. त्यातून १५,३०० कोटी वजा केले तर उरतात ४६,२६२ कोटी. हे कर्ज सरकारच्याच 'एआय ॲसेट्स होल्डिंग' नावाच्या कंपनीकडे गेलं. म्हणजे ते फेडायची जबाबदारी आली सरकारी तिजोरीवर. लोकसंख्या १४० कोटी धरली, तर माणशी साधारण ३३० रुपये. जो आयुष्यात कधी विमानात बसला नाही, त्याच्याही वाट्याला. जुनी, हमी दिलेली कर्जं फेडण्यासाठी डिसेंबर २०२१ मध्ये सरकारने पुरवणी मागण्यांमध्ये या कंपनीसाठी ६२,०५७ कोटींची तरतूद मागितली.

कर्जासोबत १४,७१८ कोटींच्या जमिनी आणि इमारतीही याच कंपनीकडे आल्या. मुंबईत नरिमन पॉइंटची ती प्रसिद्ध एअर इंडिया बिल्डिंग त्यातलीच. ती आता महाराष्ट्र सरकारने १,६०१ कोटींना घेतलीय.

मग सरकारने तोट्याचा सौदा केला का? तसंही सरसकट म्हणता येत नाही. कारण कंपनी चालू ठेवायला दिवसाला साधारण २० कोटी लागत होते. म्हणजे वर्षाला सात हजार कोटींच्या वर. विकून जुनं कर्ज गेलं नाही, रोजची गळती थांबली.

टाटांकडे गेल्यावर काय झालं?

२७ जानेवारी २०२२ ला ताबा मिळाला. २०२२-२३ मध्ये एअर इंडियाचा तोटा ११,३८८ कोटी होता, तो २०२३-२४ मध्ये ४,४४४ कोटींवर आला. ४७० नव्या विमानांची ऑर्डर गेली आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये विस्तारा एअर इंडियात विलीन झाली.

पण सरकारने संसदेत दिलेल्या माहितीनुसार, २०२४-२५ मध्ये एअर इंडियाला करापूर्वी सुमारे ३,८९० कोटी आणि एअर इंडिया एक्सप्रेसला ५,६७८ कोटींचा तोटा झाला. त्याच वर्षी इंडिगोचा करापूर्वीचा नफा होता ७,५८७ कोटी.

त्यानंतरचा काळ तर आणखी अवघड गेला. एप्रिल २०२५ पासून पाकिस्तानची हवाई हद्द बंद झाली आणि युरोप-अमेरिकेची विमानं लांबच्या वाटेने न्यावी लागली. म्हणजे इंधन जास्त, वेळ जास्त. १२ जून २०२५ ला अहमदाबादचा अपघात झाला. त्यात विमानातले २४१ आणि जमिनीवरचे १९, असे २६० जीव गेले. त्या नुकसानीची बरोबरी कुठल्याही ताळेबंदाशी होत नाही.

म्हणजे मालक बदलला, जुन्या कर्जाचा मोठा भाग गेला, तरी इंधन, डॉलर, जुनी विमानं आणि आकाशातली वाट हे प्रश्न आहे तिथेच राहिले.

पुढच्या वेळी निकाल आले की काय बघायचं?

कुठल्याही विमान कंपनीचे वार्षिक निकाल आले की "उत्पन्न इतक्या टक्क्यांनी वाढलं" ही हेडलाईन वाचून थांबू नका. तीन गोष्टी शोधा. एक, सीटमागची कमाई सीटमागच्या खर्चापेक्षा जास्त आहे का? दोन, व्याज आणि भाडं वजा केल्यावर हातात काय उरतं? तीन, ताफ्यातली किती विमानं खरंच उडतायत आणि किती उभी आहेत?

एअर इंडियाच्या बाबतीत दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर २००७ नंतर दरवर्षी उणे येत होतं आणि ते सगळ्यांना दिसत होतं. तरी निर्णय व्हायला चौदा वर्षं गेली आणि त्या उशिराचं बिल आपण सगळ्यांनी मिळून भरलं.

तुम्हाला काय वाटतं, एअर इंडिया आधीच विकायला हवी होती, की ती सरकारकडेच ठेवून सुधारता आली असती? कमेंटमध्ये नक्की सांगा.