कळीचा मुद्दा (लेखांक 9): घोड्याखालची पट्टी

1 ऑक्टोबर 2024 च्या पहाटे जुहूत अभिनेते गोविंदा यांच्या पायात त्यांच्याच परवान्याच्या रिव्हॉल्व्हरची गोळी शिरली. कपाटात ठेवताना ते हातातून निसटलं आणि उडालं, असं तेव्हा सांगण्यात आलं. सांभाळून हाताळायला हवं होतं, हे म्हणणं सोपं; पण वस्तू कधीतरी हातातून निसटणारच, हे धरून यंत्र घडवायचं की नाही? चांगलं रिव्हॉल्व्हर हातात घेतलं की आधी वजन जाणवतं, मग चाप ओढायला लागणारा लांबलचक जोर, आणि चकरीचं जराही न डुगडुगणं. पिस्तुलावर असते तशी सेफ्टीची खटकी मात्र बहुतेकांवर नसते, आणि नवख्याला ती उणीव वाटते. खरी राखण आत असते. 1873 च्या कोल्टमध्ये घोड्याची पिन काडतुसाच्या बुडाला टेकू शके; घोड्यावर आपटलं की बार. म्हणून जाणती माणसं सहापैकी घोड्याखालचं घर रिकामं ठेवत. पुढे आलेल्या ‘ट्रान्सफर बार’च्या बनावटीत घोडा वेगळ्या बसवलेल्या पिनेपर्यंत पोचतच नाही. चाप ओढून धरला तरच मधली पट्टी वर येते आणि ठोका पुढे देते.

पण सुरक्षेचा तुकडा नुसता असून भागत नाही, तो कशाच्या जोरावर हलतो हे बघावं लागतं. 1944 मध्ये अमेरिकी नौदलातलं स्मिथ अँड वेसनचं एक रिव्हॉल्व्हर डेकवर पडून उडालं आणि एक खलाशी दगावला. घोडा अडवणारा तुकडा त्यात होता, पण त्याची भिस्त स्प्रिंगवर होती. थिजलेल्या ग्रीसपुढे ती हरली. कंपनीनं मग तो तुकडा चापाबरोबर हलणाऱ्या भागालाच जोडला. विक्रोळीकरांना हा विचार परका नाही. इथल्या कारखान्यांचे मूळपुरुष आर्देशिर गोदरेज यांनी कारखाना लालबागला होता त्या दिवसांत, 1909 साली, बिनस्प्रिंगच्या कुलपाचं पेटंट घेतलं. स्प्रिंग दमली की चावी हातात असून कुलूप अडून बसतं, हे त्यामागचं दुखणं.

ट्रान्सफर बारची पट्टीच मोडली तर ऐन वेळी बार उडणार नाही, असा आक्षेप घेतात. तो खरा आहे, आणि पोलिसासाठी गंभीरही. पण घरगुती परवान्याचं रिव्हॉल्व्हर सारा जन्म कपाटात काढतं. त्याला शत्रूपेक्षा फरशी कितीतरी वेळा भेटते. तिथे बिघाडाचा कल न उडण्याकडे असलेलाच बरा. अशा सोयींनी माणूस बेफिकीर होतो, हा दुसरा आक्षेप. चापावर बोट गेलं, मग ते लहान पोराचं का असेना, तर ही पट्टी काहीच अडवत नाही. तेव्हा काडतुसं काढून ठेवणं आणि कुलूप यांतून सुटका नाहीच. मात्र केवळ सावधगिरीच्या सूचनांवर विसंबणं उत्पादकांनाही परवडलेलं नाही. अमेरिकेच्या रुगर कंपनीनं 1973 मध्ये आपल्या सिंगल ॲक्शन रिव्हॉल्व्हरांना ट्रान्सफर बार दिला आणि पुढे त्याआधी विकलेल्या जुन्यांनाही तशी यंत्रणा फुकट बसवून द्यायला सुरुवात केली.