राणीच्या तोंडावरचं डांबर आणि आजोबांची सायकल

बडोद्याला दांडिया बाजारातल्या आमच्या घरी जिन्याखाली आजोबांची सनबीम उभी असायची. 1920 च्या दशकातली. आजोबांनी ती जुनीच विकत घेतली होती, आणि तरीही नव्या गाडीचा तोरा तिला कायम होता. गेल्या वर्षी ती बाहेर काढली, तर कारागिराने हँडलवरून बोट फिरवून निकाल दिला : ‘रंग मारी दईए, क्रोम करावी दईए, एकदम नवी जेवी थई जशे.’

या ‘नवी जेवी’वरून आमचं वाजलं. कारण या सायकलीवर क्रोम कधी नव्हतंच. क्रोमचा मुलामा बाजारात रुळला तो 1920 च्या दशकाच्या अखेरीस. त्याआधी सगळी चमक निकेलची. निकेलला किंचित पिवळसर ऊब असते, हवेने ते मंदावतं, रोज फडकं मागतं. क्रोम निळसर, थंड आणि आळशी माणसाच्या सोयीचं. शिवाय सायकलीवरचं क्रोम एका मायक्रॉनपेक्षाही पातळ असतं. खालचा खरा भार निकेलच वाहतं. तरी श्रेय क्रोमला!

जुना मुलामा उतरवायला भाग आम्लात बुडवतात. ते आम्ल फ्रेमच्या सांध्यांत अडकून राहिलं, तर वरून आरशासारखी दिसणारी सायकल आतून पोखरत जाते. आणि क्रोमचं पाणी शेवटी जातं कुठे, हे बडोदेकराला वेगळं सांगायला नको. गोरव्याला क्रोमियमच्या विषारी कचऱ्याचे डोंगर साचले होते, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाच्या देखरेख समितीला इथवर यावं लागलं होतं.

रंगाची गोष्ट आणखी नाजूक. सनबीमचा कर्ता जॉन मार्स्टन मुळात पत्र्याच्या वस्तूंवर काळं रोगण चढवणारा. वुल्व्हरहॅम्प्टनमध्ये 1887 साली तो सायकलींकडे वळला आणि तेच काळं रोगण, वर सोनेरी रेघा, फ्रेमवर आणलं. त्या काळ्यात उन्हाची तिरीप चमकलेली पाहून ‘सनबीम’ हे नाव त्याच्या बायकोने सुचवलं, असं सांगतात. हे रोगण खरवडून वर स्प्रे मारायचा?

या चिडीत वाचत सुटलो आणि अडकलो ते त्रिभुवनदास कल्याणदास गज्जरांपाशी. कलाभवन 1890 चं, सयाजीरावांचा आश्रय, दादासाहेब फाळके तिथलेच, हे सगळं आपल्याला पाठ असतं. त्याचे पहिले प्राचार्य गज्जर हेही कुणीकुणी सांगेल. मला मात्र त्यांची निराळीच कामगिरी सापडली.

मुंबईतला व्हिक्टोरिया राणीचा संगमरवरी पुतळा आपल्या खंडेराव महाराजांनी दिलेला. घडवला मॅथ्यू नोबलने, अनावरण 1872 साली. ऑक्टोबर 1896 मध्ये एका रात्री दामोदर चाफेकरांनी त्याला डांबर फासलं आणि गळ्यात जोड्यांची माळ घातली. रँडच्या वधाला अजून आठ-नऊ महिने होते. माळ काढली की संपलं. डांबर कसं काढणार? संगमरवर सच्छिद्र, डांबर आत मुरलेलं. खरवडलं तर राणीचं नाक जाईल. आम्ल लावलं तर दगडच फसफसून विरघळेल, कारण संगमरवर म्हणजे शेवटी चुन्याचाच भाऊ. भले भले थकले. गज्जर तोवर बडोदं सोडून मुंबईत विल्सन कॉलेजात रसायनशास्त्र शिकवत होते. त्यांनी तो डाग काढला आणि दगड तसाच राखला.

मराठी घरात वाढल्यामुळे माझी भक्ती चाफेकरांकडे. राणी काळी राहिली असती तरी मला दुःख नव्हतं. पण कारागिरीला मुजरा करताना कुणाचं तोंड पुसलं हे पाहू नये, असं वाटायला लागलं. गज्जरांच्या जागी आमचा कारागीर असता, तर त्याने राणीला पांढरा ऑइलपेंट दिला असता आणि मुकुटाला क्रोम.

मग मी घरीच बसलो. घासलेट, पितळी तारांचा मऊ ब्रश, जुन्या धोतराची फडकी. पंधरा दिवसांनी वंगणाच्या थराखालून मार्स्टनचं काळं वर आलं, मधे मधे तुटलेली सोनेरी रेघही. तुटलेल्या ठिकाणी ती मी जोडली नाही. पुढची रिम पार गंजली होती, तिला निकेल करून घेतलं, आणि त्यासाठीही तीन दुकानं फिरावी लागली, कारण निकेलवर थांबायला कुणी राजीच होईना. ‘ऊपर क्रोम तो जोइए ने!’ हँडलच्या उजव्या बाजूला, आजोबांच्या तळव्याने मुलामा झिजून खालचं पोलाद उघडं पडलंय, तिथे फक्त तेलाचा हात देतो.

संध्याकाळी सूरसागरला चक्कर मारून येतो. वाटेत त्या कारागिराचं दुकान लागतं. तो दरवेळी पान्याने खुणावून विचारतो : ‘क्यारे आपो छो?’