गुलाबाच्या पानावरील गोल खूण

गेल्या पावसाळ्यानंतर वसतिगृहाच्या अंगणातील गुलाबाची पाने कडेने गोल कापलेली दिसू लागली. ‘कीड लागली, फवारणी करू या,’ असा विद्यार्थ्यांचा निर्णय झाला आणि मलाही तो पटला होता. परंतु आरोपीला न पाहताच शिक्षा देणे ‘एहिपस्सिको’, म्हणजेच ‘या आणि पाहा’, या धम्माच्या शिकवणीत बसत नाही. म्हणून आम्ही सकाळच्या उन्हात झुडपाजवळ बसून राहिलो. दिसली ती अळी नव्हे, तर एकटी वावरणारी पानकापी मधमाशी!

शास्त्रज्ञ तिच्या प्रजातीला ‘मेगाकायली’ म्हणतात. अळीने कुरतडलेल्या पानाची कड वेडीवाकडी असते. ही माशी मात्र जबड्याने काही सेकंदांत गोल किंवा लांबट तुकडा कात्रीने कापावा तसा कापते. दुसरी खूण परागाची. सातेरी माशी पराग मागच्या पायांवर वाहते, तर ही पोटाखालच्या दाट केसांवर. एवढ्या खुणांवरून प्रजाती कळते. नेमकी जाती ठरवण्यासाठी जबड्याचे दात, केसांची ठेवण बारकाईने तपासावी लागते. जेवढा पुरावा तेवढाच निष्कर्ष, हा इतिहासाचा नियम येथेही लागू पडतो.

ही माशी पान खात नाही. बांबूच्या पोकळीत किंवा लाकडाच्या छिद्रात ती लांबट तुकड्यांची कोठडी रचते, तीत पराग व मकरंदाचा गोळा ठेवून एकच अंडे घालते आणि गोल तुकड्यांचे झाकण लावते. तिच्याकडे ना राणी, ना कामकरी. प्रत्येक मादी स्वतःच्या श्रमाने स्वतःचे घर उभारते. ती सहसा डंखही मारत नाही.

चार पाने गेल्याने गुलाब मरत नाही. उलट, आपल्या तुरीच्या फुलांचे परागीभवन करणाऱ्या कीटकांत या माश्या महत्त्वाच्या आहेत. अमेरिका व कॅनडात तर लसूणघासाच्या बियाण्यासाठी ‘मेगाकायली रोटुंडाटा’ ही जाती मुद्दाम पाळली जाते.

धम्मपदाच्या पुप्फवग्गात फुलाला इजा न करता रस नेणाऱ्या भ्रमराची उपमा आहे. आमचा फवारणी पंप कोठीतच राहिला. भिंतीला मात्र पोकळ बांबूचे तुकडे बांधले गेले. माजी विद्यार्थ्यांनी व पालकांनीही आपल्या शेतात औषध फवारण्यापूर्वी पानाची कड एकदा निरखून पाहावी, ही विनंती.