'आरआयपी' म्हणजे 'कबरीत पडून राहा'? ख्रिस्ती धर्मातलं पुनरुत्थान नेमकं काय आहे?

कुणी नामवंत व्यक्ती गेली की सोशल मीडियावर 'आरआयपी'चा पाऊस पडतो. त्यामागोमाग एक फॉरवर्डही हमखास येतं: 'आरआयपी' लिहू नका, ते पुरलेल्या लोकांसाठी असतं, शेवटच्या दिवसापर्यंत कबरीत पडून राहा असा त्याचा अर्थ आहे!

हे फॉरवर्ड अर्धंच बरोबर आहे.

'आरआयपी' आलं लॅटिनमधल्या 'रेक्विएस्कात इन पाचे'वरून. अर्थ, 'शांतीत विसावो'. रोमच्या भुयारी दफनभूमींमध्ये सुरुवातीच्या ख्रिस्ती लोकांच्या थडग्यांवर 'इन पाचे', म्हणजे 'शांतीत', असं कोरलेलं सापडतं. ही मृतासाठी केलेली प्रार्थना आहे, 'पडून राहा' असा हुकूम नाही. पण हा विसावा तात्पुरता आहे, हे मात्र खरं. 'सिमेट्री' या इंग्रजी शब्दाचं मूळही 'झोपण्याची जागा' या अर्थाच्या ग्रीक शब्दात आहे. आणि झोपलेला माणूस कधीतरी उठतोच.

पुनर्जन्म नव्हे, पुनरुत्थान

दोन्ही शब्द कानाला सारखे वाटतात, म्हणून आपल्याकडे गल्लत होते. पुनर्जन्मात आत्मा जुनं शरीर सोडून नवं घेतो आणि फेरा चालू राहतो. ख्रिस्ती श्रद्धेनुसार माणूस एकदाच जन्मतो, एकदाच मरतो आणि जगाच्या शेवटी तोच माणूस शरीरासकट उठवला जातो. मग न्याय होतो. त्यानंतर देवासोबतचं, कधीही न संपणारं आयुष्य किंवा त्याच्यापासून कायमचा दुरावा. मराठी बायबलमध्ये या आयुष्याला 'सार्वकालिक जीवन' म्हटलंय.

'चांगला आत्मा स्वर्गात गेला, विषय संपला' असं अनेक ख्रिश्चनांनाही वाटतं. पण 325 आणि 381 च्या धर्मपरिषदांमधून आकाराला आलेला आणि आजही चर्चमध्ये म्हटला जाणारा मतांगीकार मृतांच्या पुनरुत्थानाची वाट पाहायला सांगतो. म्हणजे शरीर हे फेकून द्यायचं जुनं कापड नाही, तेही माणसाचाच भाग आहे.

ही कल्पना ज्यू धर्मातून आली. बायबलच्या जुन्या करारातल्या दानीएलच्या पुस्तकात ती दिसते. येशूच्या काळात ज्यूंमध्येच यावर वाद होता, परूशी ती मानायचे आणि सदूकी नाकारायचे. ख्रिस्ती लोकांचं वेगळेपण असं, की त्यांच्या मते याची सुरुवात आधीच झाली आहे. क्रुसावर मेलेला येशू तिसऱ्या दिवशी उठला. म्हणूनच धर्माच्या दृष्टीने ईस्टर नाताळपेक्षा मोठा सण आहे.

पण कुजलेल्या, जळालेल्या, समुद्रात बुडालेल्या देहांचं काय? ही शंका आजची नाही. साधारण इसवी सन 55 च्या सुमारास पौलाने ग्रीसमधल्या करिंथच्या मंडळीला लिहिलेल्या पत्रात तिचं उत्तर आहे. पेरलेला दाणा आणि उगवलेलं रोप एकसारखं दिसत नाही, तरी ते त्याच दाण्याचं असतं. प्रेत पुन्हा चालायला लागणं असा याचा अर्थ नाही. माझ्या मते हा मुद्दा नीट कळला की अर्धे गैरसमज तिथेच संपतात.

मधल्या काळात काय होतं?

इथे मात्र चर्चांमध्येच एकमत नाही. कॅथलिकांच्या मते मरताक्षणीच आत्म्याचा न्याय होतो आणि काहींना शुद्धीच्या अवस्थेतून जावं लागतं. म्हणून मृतांसाठी प्रार्थना करतात. 2 नोव्हेंबरला वसईत, मुंबईत, गोव्यात दफनभूमी मेणबत्त्या आणि फुलांनी भरून जातात ते यासाठीच. बहुतेक प्रोटेस्टंट हे मानत नाहीत. 2017 मध्ये तर उत्तर आयर्लंडमधल्या ऑरेंज ऑर्डर या प्रोटेस्टंट संघटनेच्या नियतकालिकातून 'आरआयपी' लिहू नका, असं आवाहन झालं होतं. म्हणजे आपलं फॉरवर्ड तिकडेही पोहोचलंय, फक्त कारण वेगळं!

आणि हा शेवटचा दिवस कधी? 2025 च्या सप्टेंबरमध्ये '23 तारखेला येशू येणार' असे व्हिडिओ जगभर फिरले. अमेरिकेत विल्यम मिलरच्या हजारो अनुयायांनी 22 ऑक्टोबर 1844 ला अशीच वाट पाहिली होती. तो दिवस इतिहासात 'महानिराशा' म्हणून नोंदला गेला. खुद्द बायबलमध्ये येशू सांगतो, की ती वेळ फक्त पित्याला, म्हणजे देवाला ठाऊक आहे.

मग दहन चालतं का?

कॅथलिक चर्चने 1963 मध्ये दहनावरची बंदी उठवली. अट एवढीच, की ते पुनरुत्थान नाकारण्यासाठी केलेलं नसावं. 2016 च्या सूचनेनुसार राख उधळायची नाही, पवित्र जागी ठेवायची. 2023 मध्ये थोडी सवलत मिळाली. राखेचा छोटा अंश मृताच्या आयुष्यात महत्त्वाच्या असलेल्या जागी ठेवता येतो.

परवानगी असली तरी अनेक कुटुंबांना आजही दफनच हवं असतं. 30 मार्च 2020 ला मुंबई महापालिकेने कोविडने मरण पावलेल्या सगळ्यांचं, धर्म कोणताही असो, दहनच करायचं असं परिपत्रक काढलं, तेव्हा ते किती जिव्हारी लागलं असेल याची कल्पना यावरून येते. त्याच दिवशी ते बदलावं लागलं आणि पुरेशी मोठी दफनभूमी असेल तिथे दफनाला मुभा मिळाली. पुढे वांद्र्यातल्या दफनभूमींचा वाद मुंबई उच्च न्यायालयात गेला. मृतदेहामुळे कोविड पसरतो याला शास्त्रीय आधार नाही, असं सांगत न्यायालयाने 22 मे 2020 ला दफनाला विरोध करणाऱ्या याचिका फेटाळल्या. सन्मानाने दफन होणं हा राज्यघटनेच्या कलम 21 मधल्या हक्काचाच भाग आहे, असंही न्यायालयाने म्हटलं.