उभ्या ट्रकमधली वीज

रस्त्याच्या कडेला उभे असलेले वाहन म्हणजे विश्रांती घेणारे वाहन, अशी आपली समजूत असते. पण गेल्या काही वर्षांत उभी असतानाही भरपूर काम करणारी वाहने निघाली आहेत. अमेरिकेतील फोर्ड कंपनीने २०२२ साली बाजारात आणलेला ‘एफ-१५० लाइटनिंग’ हा विजेवर चालणारा पिकअप ट्रक त्यांपैकीच एक. पिकअप म्हणजे पुढे माणसांची केबिन आणि मागे उघडा हौदा असलेली गाडी. या ट्रकच्या वरच्या दर्जाच्या नमुन्यांत हौदा, केबिन आणि बॉनेटखालचा सामानाचा कप्पा मिळून ११ सॉकेट बसवलेली होती. ट्रक उभा करावा, पिन लावावी आणि सुताराची विजेची करवत चालवावी किंवा घरातला फ्रीज!

अशा सोयीचे मोल अडचणीच्या वेळी कळते. फेब्रुवारी २०२१ मध्ये टेक्सास राज्यात कडाक्याची थंडी पडली आणि ४५ लाखांहून अधिक घरांची वीज गेली. सरकारी मोजणीप्रमाणे त्या संकटात २४६ माणसे दगावली. त्यांतील काहींचा बळी थंडीने नव्हे, तर कार्बन मोनॉक्साइड वायूने घेतला. ऊब आणि वीज मिळवण्यासाठी लोकांनी बंदिस्त जागेत इंधन जाळले होते. या वायूला रंग नाही, वास नाही. म्हणून तो फार घातक. बॅटरीवरचा ट्रक वीज देताना काहीच जाळत नाही. धूर नाही, म्हणून हा धोकाही नाही.

आता प्रश्न असा, की बॅटरीतली वीज सॉकेटपर्यंत येते कशी? बॅटरी एकदिश म्हणजे डी. सी. प्रवाह देते. घरातली उपकरणे मात्र प्रत्यावर्ती म्हणजे ए. सी. प्रवाहावर चालतात. हा बदल घडवणारे साधन म्हणजे इन्व्हर्टर. त्यातील अर्धवाहकांचे स्विच सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद होतात आणि प्रवाहाची दिशा ठरावीक काळाने उलटवतात. अमेरिकेत असे सेकंदाला ६० फेरे होतात, आपल्याकडे ५०. तेथील साध्या सॉकेटचा विद्युतदाब १२० व्होल्ट असतो, आपल्याकडे २३० व्होल्ट.

या ट्रकमधून वीज घेताना दोन वेगवेगळ्या मर्यादा सांभाळाव्या लागतात. बरेच जण त्यांची गल्लत करतात. पाण्याच्या टाकीचे उदाहरण घ्या. टाकीत पाणी किती, हा एक प्रश्न. नळातून एका मिनिटाला किती पाणी येते, हा दुसरा. टाकी काठोकाठ भरलेली असली तरी बारीक नळातून धो धो पाणी येणार नाही.

ट्रकचा ‘नळ’ म्हणजे त्याची शक्ती; ती किलोवॅटमध्ये मोजतात. बॉनेटखालच्या कप्प्यातून जास्तीत जास्त २.४ आणि हौदा व केबिन मिळून ७.२, अशी एकूण ९.६ किलोवॅट शक्ती घेता येत असे. हौद्यात २४० व्होल्टचे एक मोठे सॉकेट होते. त्यातून ३० अँपिअर प्रवाह घेतला, तर २४० × ३० = ७,२०० वॅट होतात. म्हणजे त्या बाजूची मर्यादा तेथेच संपली! शिवाय फ्रीजची किंवा पंपाची मोटर सुरू होताना क्षणभर नेहमीच्या कित्येक पट प्रवाह ओढते. म्हणून सर्व उपकरणे एकदम सुरू न करता एकामागून एक करावीत.

ट्रकची ‘टाकी’ म्हणजे बॅटरीतील ऊर्जा. ती किलोवॅट-तासांत मोजतात. एक किलोवॅट-तास म्हणजेच आपल्या वीजबिलावरचे एक युनिट. या ट्रकच्या मोठ्या बॅटरीत सुमारे १३१ युनिट मावत. ही ऊर्जा किती दिवस पुरेल?

चला, हिशेब करू. बॅटरी पूर्ण भरलेली आहे. त्यातील ३३ युनिट पुढच्या प्रवासासाठी राखून ठेवू, उरली ९८. समजा, १५० वॅटचा फ्रीज दिवसभरात एकूण ८ तास चालतो; ही १.२ युनिट झाली. दहा वॅटचे ५ दिवे ६ तास लावले, ही ०.३ युनिट. दीड किलोवॅटचा हीटर १० तास, ही १५ युनिट. आणखी एक खर्च सहज नजरेआड होतो. सॉकेट चालू ठेवायची तर इन्व्हर्टर आणि ट्रकची नियंत्रण यंत्रणाही जागी राहते. तिला ३०० वॅट लागतात असे धरले, तर २४ तासांत ७.२ युनिट गेली. एकूण बेरीज २३.७. म्हणजे ९८ युनिट जेमतेम ४ दिवस पुरतील.

आता हीटर वगळून पाहा. रोजचा खर्च ८.७ युनिट, वीज ११ दिवस पुरेल. पण त्यात फ्रीज आणि दिवे यांचा वाटा अवघा दीड युनिट, बाकी सारे ट्रकच्या जागरणाचे! म्हणून थोड्या कामासाठी ट्रक रात्रंदिवस चालू ठेवणे शहाणपणाचे नाही. फ्रीजचे दार न उघडल्यास आतला थंडावा सुमारे ४ तास टिकतो. कामे एकत्र उरकावीत आणि मधल्या वेळात ट्रक बंद ठेवावा.

शिवाय हीच वीज चाकांनाही लागते. मोठ्या बॅटरीवर हा ट्रक सुमारे ५१५ किलोमीटर जाई, म्हणजे एका युनिटला जवळजवळ ४ किलोमीटर. रात्रभर हीटरला दिलेली १५ युनिट म्हणजे ६० किलोमीटरचा प्रवास!

एक गोष्ट मात्र कधीही करू नये. दोन्ही टोकांना पिना असलेली वायर घेऊन ट्रकची वीज घरातल्या सॉकेटमध्ये उलटी सोडू नये. तुम्ही ट्रान्सफॉर्मर शिकला आहात. विद्युतदाब उतरवणारा ट्रान्सफॉर्मर उलट्या बाजूने वापरला, तर तो दाब चढवतो. खांबावरचा ट्रान्सफॉर्मर ७,२०० व्होल्टचे २४० करत असेल, तर घरातून गेलेल्या २४० व्होल्टचे तो पुन्हा ७,२०० करील. वीज गेली आहे अशा समजुतीने तारेवर काम करणाऱ्या लाइनमनचा त्यात प्राण जाईल. घराला वीज द्यायची तर चेंजओव्हर स्विच हवाच. तो घराला एका वेळी एकाच बाजूशी जोडतो, बाहेरच्या तारांशी किंवा ट्रकशी. आणि तो जाणकार वायरमननेच बसवायचा असतो.

आपल्याकडेही ही कल्पना आली आहे. टाटा मोटर्सने २०२३ साली ‘नेक्सन ईव्ही’च्या नव्या आवृत्तीत बाहेरची उपकरणे चालवण्याची सोय दिली. तिची मर्यादा सुमारे ३.३ किलोव्होल्ट-अँपिअर. तेव्हा वरचा हिशेब उद्या तुमच्या अंगणातही लागू पडेल.

म्हणून एक प्रयोग करा. घरातल्या उपकरणांवर वॅटचा आकडा लिहिलेला असतो, तो वहीत उतरवा. प्रत्येक उपकरण दिवसाकाठी किती तास चालते ते लिहा, गुणाकार करा आणि हजाराने भागा, युनिट मिळतील. मग मीटरचा आकडा आज आणि उद्या एकाच वेळी पाहून उत्तर ताडून घ्या. फरक पडलाच, तर न वापरताही वीज खाणारे उपकरण कोणते, ते शोधून काढा.